खांद्यातला गंज

निरीक्षण

व्यायामशाळेच्या दारातल्या बुटांच्या ढिगावरूनच सांगता येत होतं की आत कोण कोण आहे. खिळ्यांचे बूट भालाफेक्यांचे आणि गोलंदाजांचे, सपाट तळव्यांचे गोळाफेक्यांचे, रबरी तळाचे हँडबॉलवाल्यांचे. आणि एका कडेला नीट जोडीजोडीने लावलेले, पॉलिश केलेले बूट आईबापांचे. आत शंभर-सव्वाशे माणसं. वजनं भिंतीला सरकवलेली, मधोमध टेबल, टेबलापुढे स्टूल, स्टुलावर गेल्या हंगामातला सगळ्यात वेगवान गोलंदाज शर्ट काढून बसलेला, आणि त्याच्या मागे पांढऱ्या कोटातला सुईवाला.

त्याला सगळे 'सुईवाले' म्हणत, आदराने. मी एकेरीत लिहिणार आहे. तेवढी सूट मला असू द्या.

“खांदा म्हणजे काय? बिजागरी,” तो म्हणत होता. “दार उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. दिवसाला किती फेकता तुम्ही? शंभर? दीडशे? तेल कधी घातलंत? नाही ना? मग बिजागरीला काय चढणार?”

“गंज,” समोरून उत्तर आलं, वर्गातून यावं तसं, एका सुरात.

“डॉक्टर काय करतो? इंजेक्शन देतो. म्हणजे आत आणखी काहीतरी घालतो. अहो, घर झाडताना केर बाहेर काढायचा की शेजारचा आणून आत टाकायचा? माझी सुई कोरडी. तिला भोक नाही, तिच्यात औषध नाही. आत जाताना रिकामी जाते. येताना काय घेऊन येते ते तुम्हीच बघा.”

त्याने गोलंदाजाला हात बाजूला आडवा धरायला लावला आणि मनगटावर दोन बोटं टेकवून दाबलं. एवढा सहा फुटी गडी, पण हात पडला. लोक हळहळले. मग खांद्याला तपकिरी औषध चोपडलं, “जंतूंसाठी” म्हणून. केसासारखी बारीक सुई घातली, थोडी वरखाली केली, आणि कातडीखाली मासोळी उसळावी तसा स्नायू उडाला. “सुटला,” सुईवाला हळूच म्हणाला. सुई काढली, स्टीलच्या डब्यातून पांढराशुभ्र कापूस घेतला, त्या जागेवर दाबून धरला, आणि उचलून सगळ्यांना दाखवला.

कापसावर रुपयाएवढा काळाजांभळा डाग.

सभागृहातून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. सव्वाशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला होता.

“हात धर आता.” या वेळी त्याने दोन बोटं नाही, अख्खा तळवा ठेवला, अंग झुकवून दाबलं, चेहरा लाल झाला. हात हलला नाही. टाळ्या पडल्या.

मीही वाजवल्या. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. बावीस वर्षं.

प्रयोगवहीत क्रम ठरलेला असतो: उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान, दक्षता. पोरांना मी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो की क्रम मोडू नका, आणि निरीक्षण पुरतं व्हायच्या आधी अनुमान लिहिलंत तर सरळ भोपळा देईन. त्या दिवशी मी काय केलं ते तुम्ही पाहिलंतच. म्हणून ही वही मोडक्या क्रमानेच लिहावी लागणार.

उद्देश

एक्कावन्न मीटर.

माझी लेक भाला फेकते. फेकायची. तिच्या आईच्या मागे आम्ही दोघंच, आणि आमच्या दोघांत एक टेप. पन्नास मीटरची पुरत नाही म्हणून शंभरची घेतलेली, पोलादी. फेकरेषेवर तिचं टोक खिळ्याने ठोकायचं, मैदानभर उलगडायची, आणि मी दूर तिच्या शेजारी खुंटी घेऊन उभा राहायचं. भाला पडला की गुडघ्यावर बसून खुंटी मारायची आणि आकडा वाचायचा. ती अकरा वर्षांची होती तेव्हा माझा चेहरा बघूनच ओळखायची की फेक कमी गेली, आणि दिवसभर तोंड फुगवून बसायची. तेव्हा आम्ही नियम केला. बाबांनी चेहरा दगडाचा ठेवायचा आणि तिने विचारल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. कधी ती लगेच विचारी, कधी जेवताना, कधी दुसऱ्या दिवशी डबा भरता भरता. आठ वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही.

तिची सर्वांत लांब फेक पन्नास मीटर चाळीस. कनिष्ठ गटाच्या शिबिराच्या निवडीला एक्कावन्न हवे होते. चाचणीला पाच आठवडे होते आणि तिचा खांदा दुखत होता.

आधी आम्ही योग्य जागीच गेलो, हे सांगायलाच हवं. इस्पितळाच्या तळमजल्यावर, लाँड्रीच्या शेजारी, फिजिओबाईंची खोली आहे. तिथे सतत इस्त्रीचा वास येतो. बाईंनी एमआरआय करायला लावला, फिल्म खिडकीला धरली आणि पेनाच्या टोकाने एक पांढरी रेघ दाखवली. खांद्याची एक दोरी, कंडरा, अर्धी उसवली होती.

“चार महिने फेकणं बंद,” बाई म्हणाल्या. “व्यायाम मी सांगते तेवढाच. पुढच्या वर्षीच्या चाचणीला ये, तेव्हा बघ.”

लेकीने विचारलं की मैदानावर सगळे सुयांबद्दल बोलतायत, त्याने काही होईल का.

“सुया मीपण टोचते की.” बाईंनी कपाटातून पाकीट काढून दाखवलं. “स्नायू आखडला असेल तर सैल पडतो. थोडे दिवस दुखणं कमी वाटतं. सोबत व्यायाम केला तर फायदाही होतो. पण बाळ, उसवलेली दोरी या सुईने शिवता येत नाही. आणि दुखणं हा तुझा पहारेकरी आहे. त्याला झोपवून घरात काय शिरतंय ते बघायचं नाही, असं करू नकोस.”

बाहेर पडल्यावर लेकीने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी मी वीस वर्षांची असेन. कनिष्ठ गटातून बाहेर.”

मला ते माहीत होतं. बाईंना माहीत नव्हतं.

साहित्य

सुया, एकदाच वापरायच्या, पाकीटबंद. तपकिरी औषधाची बाटली, लेबल खरवडलेलं. स्टीलचा डबा, त्यात कापसाचे चौकोन. एक स्टूल. एक पांढरा कोट. एक प्रशिक्षक, ज्याला मैदानावर सगळे शिट्टी म्हणतात कारण ती त्याच्या गळ्यात नसली तर माणूस ओळखू येत नाही. शिट्टी जुना गोळाफेक्या, त्याचाही खांदा गेलेला. सुईवाल्याने त्याच्या खांद्यातून पहिला डाग काढला होता आणि त्यानंतर शिट्टीने स्वतःच्या हाताने पाठ खाजवून सगळ्यांना दाखवली होती. त्यानेच माझ्या घरी येऊन सांगितलं, “मास्तर, एकदा घेऊन या पोरीला. नुकसान तर काही नाही ना?”

आणि एक बाप. त्याला एक्कावन्न हवे होते. किती हवे होते ते मोजायला टेप नव्हती.

फी किती होती ते लिहीत नाही. गेलं ते पैसे नव्हेत.

कृती

त्याच दिवशी, गोलंदाज उठल्यावर, लेक स्टुलावर बसली. हात आडवा धरला. दोन बोटांनी पडला. औषध, सुई, मासोळी, कापूस. डाग गोलंदाजाच्या डागापेक्षा मोठा आला. सुईवाल्याने तो उजेडाकडे धरला आणि चुकचुकला.

“किती वर्षांचा साठा आहे हा, बाळ? आठ?”

ती चमकली. आठच वर्षं झाली होती. (खेळाडूचं वय आणि हाताचे घट्टे बघून एवढा अंदाज शिट्टीलाही बांधता आला असता. पण तेव्हा सव्वाशे माणसांनी पुन्हा श्वास आत घेतला.)

मग हात धरला, आणि तो पडला नाही. तिने हात वर नेला, कानाला लावला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. ते माझ्याजवळ राहू द्या.

घरी येताना ती खांदा गोल गोल फिरवत चालत होती. म्हणाली, “त्यांचा कापूस खरखरीत होता, बाबा. आपल्यासारखा मऊ नाही.”

“निर्जंतुक केलेला असेल,” मी म्हणालो.

कोपऱ्यावर ती थांबली. इथे मला सावकाश लिहायचं आहे. या पोरीला मी लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती. दूधवाल्याने दूध घट्ट आहे म्हटलं तरी ती विचारायची, कशावरून? शेजारच्या काकू तिला 'कशावरून' याच नावाने हाक मारत. ती थांबली आणि तिने मला विचारलं.

“बाबा, फिजिओबाई म्हणाल्या शिवली जात नाही. हे म्हणतायत गंज निघाला. तुम्हाला काय वाटतं?”

तिला हवं ते सांगायला माणसं खूप होती. तिने विचारलं मला, कारण मी तिच्यासमोर कधी 'वाटतं' म्हणून काही सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, “डोळ्यांना दिसतंय तर खरं.”

आणखी दोन वेळा गेलो. आणखी दोन डाग. तिन्ही डाग तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून बूट ठेवायच्या पिशवीत जपून ठेवले. दुखणं खरोखर कमी झालं होतं. ती फेकायला लागली, आधी अर्ध्या जोराने, मग पाऊण.

आकृती

इथे फेकरेषा, टेप आणि खुंटी काढायची असते. माझ्याने काढवत नाही.

निरीक्षण, दुसरं

चाचणीच्या नऊ दिवस आधी, दुपारचे चार. वारा जवळजवळ नाही. पूर्ण जोराने पहिलीच फेक. शिट्टी तिच्यामागे उभा. मी नेहमीच्या जागी.

तिची धाव बघायला मला आवडायचं. शेवटच्या पाच पावलांत ती आडवी होते, भाला मागे राहतो, आणि सगळं अंग एका दोरीसारखं ताणून सुटतं. भाला सुटला. माझी नजर भाल्यावर. तो डुचमळत आला, टोकावर पडला, रुतला. मी धावलो, गुडघ्यावर बसलो, खुंटी मारली, टेप ताणून आकडा वाचला.

मग वर पाहिलं.

ती फेकरेषेवर गुडघ्यांवर होती आणि डाव्या हाताने उजवा हात पोटाशी धरून बसली होती, दुसऱ्या कुणाचं तान्हं मूल धरावं तसा. शिट्टी तिच्याकडे धावत होता. ओरडली नव्हती. ओरडली असती तर मी आधी वर पाहिलं असतं.

आधी आकडा वाचला, मग वर पाहिलं. हा क्रम मला आता कुठल्याच वहीत बदलता येणार नाही.

आकडा इथे लिहीत नाही. तिने विचारला नव्हता.

अर्धी उसवलेली दोरी पूर्ण तुटली होती, आणि तुटताना शेजारची घेऊन गेली होती. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं की हात कामाला येईल. लिहिता येईल, जेवता येईल, पिशवी उचलता येईल. खांद्याच्या वर जाईल की नाही ते बघू. फेकण्याबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. फिजिओबाई दर दिवशी वरच्या मजल्यावर येत. 'मी सांगितलं होतं' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर लेकीचे केस मी विंचरायला लागलो, कारण तिचा हात मागे पोचत नव्हता. पहिल्या दिवशी मी इतका गुंता केला की ती म्हणाली, “बाबा, खुंटी मारताय का?” आम्ही दोघं हसलो. मग ती म्हणाली, “शेवटची फेक मोठी होती. हातातून सुटतानाच कळलं मला. एक्कावन्नच्या पुढे होती.”

मी विंचरत राहिलो. माझा चेहरा तिला दिसत नव्हता. हा नियम इतका सोपा आधी कधीच नव्हता.

तिने आकडा विचारला नाही. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची, आणि शिट्टी ते मैदानावर सांगायचा, आणि महिन्याभरात व्यायामशाळेच्या भिंतीवर सुईवाल्याचं पोस्टर लागलं. त्यावर भाला घेतलेली माझी लेक, जुना फोटो, आणि खाली ठळक अक्षरात: तीन सुयांत एक्कावन्न पार! खांदा गेला त्याचं कारणही तयार होतं. चौथी सुई घेतली नव्हती. थोडा गंज आत राहिला.

पुन्हा कृती

शाळा सुरू झाली होती. सातवीचा वर्ग, अन्नघटकांची ओळख. दरवर्षी करतो तेच: बटाट्याची फोड घ्यायची, तिच्यावर आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. पोरं पुढे वाकतात. तपकिरी थेंब पडतो आणि बघता बघता काळाजांभळा होतो. मी विचारतो, अनुमान काय? पोरं म्हणतात, बटाट्यात स्टार्च आहे, सर.

थेंब पडला. काळाजांभळा झाला. रुपयाएवढा.

मी विचारलंच नाही. पोरं वाट बघत राहिली. मग पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “सर, स्टार्च,” जणू मीच नापास होतोय आणि ती मला उत्तर सांगतेय.

दुपारी घरी आलो. कपड्यांना घालतात तसली खळ केली, म्हणजे स्टार्चच, पातळ, कापूस त्यात बुडवून वाळवला. वाळल्यावर तो खरखरीत झाला. औषधांच्या दुकानातून तपकिरी औषध आणलं. बाटलीवर मोठ्या अक्षरात आयोडीन लिहिलेलं होतं. ते जेवणाच्या टेबलाला चोपडलं आणि खळीचा कापूस दाबला. टेबलाच्या खांद्यातून गंज निघाला. मग पाकिटातला साधा कापूस दाबला. तपकिरीच राहिला. मग लेकीची पिशवी काढली, तिला विचारून. तीन डाग. एकावर लिंबाचे चार थेंब पिळले, कारण वर्गात शेवटी तेही दाखवतो. डाग फिका झाला, मग पुसूनच गेला. आठ वर्षांचा साठा चार थेंबांत.

ती समोर बसून बघत होती.

“आणि हात?” तिने विचारलं. “हात पडत नव्हता तो?”

मी तिला दारापाशी नेलं. म्हटलं, कडीपाशी एका बोटाने ढकल. दार गेलं. आता बिजागरीला चिकटून ढकल. डाव्या तळव्याने तिने जोर लावला, पाय रोवले. दार हललं ते नावापुरतं.

“आधी तो मनगटावर दाबायचा,” ती म्हणाली. “नंतर कोपराच्या वर.”

आठवी, तरफ, धडा तिसरा. दोन्ही धडे मीच शिकवतो.

तिने दार लावलं. मग रागाने नाही, नुसतं सांगावं तसं म्हणाली, “तुम्ही हो म्हणालात म्हणून मी फेकलं, बाबा.”

“हो,” मी म्हणालो.

अनुमान

रविवारी आम्ही दोघं व्यायामशाळेत गेलो. दारात तोच बुटांचा ढीग, आत तीच गर्दी. स्टुलावर हँडबॉल खेळणारी एक मुलगी, चौदा-पंधराची. फिजिओबाई मागे उभ्या होत्या. मी त्यांना बोलावलं होतं.

सुईवाल्याने औषध चोपडलं तेव्हा मी पुढे झालो आणि पाकीटबंद कापूस टेबलावर ठेवला. म्हटलं, आजच्या दिवस हा वापरा.

“सर, माझा कापूस निर्जंतुक असतो.”

“हाही आहे. लिहिलंय पाकिटावर.”

“प्रत्येक कापूस गंज धरत नाही, सर. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळायला हवं.” तो लोकांकडे वळला आणि समजावू लागला की दुःखाने माणसाची श्रद्धा डळमळते, सरांवर कुणी रागावू नये. लोक माझ्याकडे दयेने बघायला लागले. मी वाद घातला नाही. त्याची बाटली उचलली आणि टेबलावर, स्टुलाच्या पायावर, भिंतीला टेकलेल्या फुटबॉलवर एकेक बोट औषध लावलं. मग त्याच्याच डब्यातले कापूस घेऊन एकेक दाबला आणि पहिल्या रांगेतल्या लोकांच्या हातात दिला. टेबलाला गंज होता. स्टुलाला होता. फुटबॉलला तर सगळ्यात जास्त.

“फुटबॉल किती वर्षं खेळतोय हा?” मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

मग दाराचा प्रयोग झाला. व्यायामशाळेचं दार जड होतं, त्यामुळे छान कळला. गोलंदाज स्वतः पुढे आला आणि त्याने बिजागरीपाशी जोर लावून बघितला. नंतर तो बूट घालून निघून गेला. फिजिओबाईंनी दोनच वाक्यं सांगितली: सुई खोटी नाही, तिच्याबद्दल केलेला दावा खोटा आहे. स्नायू उडतो तो खराच, पण त्यातून बाहेर काही येत नाही.

सुईवाला सुया गोळा करत होता. तेवढ्यात शिट्टी उठला. त्याचा आवाज बसला होता.

“मास्तर, कापसाचं पटलं. दाराचंही पटलं. पण पोरीची फेक तर गेली ना? एक्कावन्नच्या पुढे गेली. ती तर कापसाने नाही गेली.”

सुईवाल्याचे हात थांबले. सगळी गर्दी माझ्याकडे बघायला लागली. टेप मी एकट्याने वाचली होती.

आठ वर्षांचा नियम होता, आणि त्या नियमामागे मी किती दिवस लपलो होतो ते मला तिथे उभं राहून कळलं. ती फेक मोठी असणं एवढंच तिच्याजवळ उरलं होतं. हात गेला, पण कशासाठी तरी गेला. मी दोनच शब्द खोटे बोललो असतो तर ते तिच्याजवळ कायम राहिलं असतं. आणि पोस्टरही भिंतीवर कायम राहिलं असतं, आणि ती हँडबॉलवाली मुलगी स्टुलावर.

“बाबा,” लेक म्हणाली. “किती?”

मी चेहरा दगडाचा करायचा प्रयत्न केला. जमला नाही.

“पंचेचाळीस मीटर साठ.”

कुणी श्वास घेतला नाही. तिने खाली बघितलं. तिच्या सर्वांत लांब फेकीपेक्षा जवळजवळ पाच मीटर कमी. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून ती दरवर्षी पुढेच गेली होती. दुखणं थांबलं होतं, ताकद आली नव्हती. तिचा हात काहीच देऊन गेला नव्हता.

“टेप ताणलेली होती?” तिने विचारलं.

“होती.”

“नीट वाचलात?”

“दोनदा.”

ती भिंतीपाशी गेली. टेबलावरचा जाड पेन डाव्या हातात घेतला. पोस्टरवरच्या 'एक्कावन्न पार'वर आडवी रेघ मारली, आणि खाली, पहिलीतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या आकड्यांत लिहिलं: ४५.६०. मग पेनाचं टोपण तिला एका हाताने लावता येईना. हँडबॉलवाली मुलगी स्टुलावरून उठली, तिने ते लावून दिलं, आणि खांदा झाकून आपले बूट शोधायला गेली.

दक्षता

प्रयोगवहीत हा भाग शेवटी असतो आणि पोरं तो घाईत, न वाचता उतरवतात.

सुईवाला आता दुसऱ्या गावात आहे. तिथे तो गुडघ्यातून गंज काढतो असं ऐकलं. शिट्टी फिजिओबाईंकडे व्यायामाला जातो आणि भिंतीवर बोटं चढवत हात वर नेतो, रोज एक बोट. लेकीचा हात कानापर्यंत येतो, त्यापुढे नाही. त्या रविवारी संध्याकाळी ती एका गोष्टीसाठी रडली, आणि ती गोष्ट हात नव्हती. “मला खरंच वाटलं होतं, लांब गेली,” एवढंच म्हणत होती. मी तिच्याजवळ बसलो. टेप चुकली असेल असं म्हणालो नाही.

अजूनही सकाळी तिचे केस मी विंचरतो. हात बसला आहे आता माझा.

तर दक्षता. कुणी तुमच्या दुखण्यातून काही बाहेर काढून दाखवत असेल तर कापूस आपला न्या. कुणी तुमच्या ताकदीची परीक्षा घेत असेल तर तो कुठे दाबतोय ते बघा, दोन्ही वेळा. जे तुम्हाला फार हवं आहे ते दिसायला लागलं तर दुप्पट वेळ बघा, कारण हवं असणं हे डोळ्यांत घातलेल्या औषधासारखं असतं, त्याने हवं तेच दिसतं. आणि तुमच्या भरवशावर जगणाऱ्या माणसाने कोपऱ्यावर थांबून विचारलं, तुम्हाला काय वाटतं, तर जे वाटतं ते सांगू नका. म्हणा, मला माहीत नाही. चल, तपासून बघू.

एवढंच मी म्हणायला हवं होतं, त्या कोपऱ्यावर. तेव्हा.